समुद्रसपाटीपासून उंची

चौथीच्या भूगोलात आमच्या डोंगराला नाव नव्हतं.
तालुक्याच्या नकाशावर तपकिरी डाग,
शेजारी बारीक आकडा: २१४.
गावात त्याला नुसतं ‘व्हडलो’ म्हणत,
थोरल्या दिराचं नाव टाळावं तसं.
मी शिकवायला लागले तेव्हा आकडा तोच होता,
डोंगर अर्धा.

त्याआधीचा इतिहास फार थोडा.
कधी सावंतवाडीकर, मग नव्या काबिजादीत फिरंगी;
दोघांनाही इथली सुपारी, मिरी आणि सारा
एवढंच ठाऊक.
वारुळाला सातेरी म्हणायचं, नदीला न्हंय,
आणि कुळागरात पाणी आणणारा पाट कोणी खणला
हे विचारायचं नाही.
तो होताच.

मग जपानी आला.
कुदो त्याचं नाव. आई त्याला ‘कुडव’ म्हणायची,
भात मापायचा असतो तो.
बाबा जेटीवर तोलार.
कुदो खडा जिभेला लावायचा, डोळे मिटायचा,
बोटांवर सांगायचा: बासष्ट.
बासष्ट टक्के लोखंड.
बाबा म्हणत, उरलेले अडतीस आम्ही.

एका रविवारी, ट्रक बंद असताना,
त्यानं आमच्या अंगणात काठीनं आपलं गाव काढलं.
पार उत्तरेला, होन्शूच्या टोकाजवळ.
एक नदी. दोन डोंगर, एकाच्या माथ्यावर खळगा.
रेल्वेची एकच ओळ, तिच्यावर एकच स्टेशन.
सफरचंदाच्या बागा.
बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून
गवताच्या दोऱ्यांनी वर ओढून बांधतात,
हे त्यानं आमच्या जास्वंदीवर करून दाखवलं.
दुकानांपुढून लाकडी पडव्या, एकीला एक लागून,
गावभर कोरड्या पायांनी हिंडता यावं म्हणून.
“पावसाक बरें,” आई म्हणाली.
शेवटी त्यानं दोन बोटं
रुळांवरून चालवत नेली, नकाशाच्या बाहेर,
तुळशीपर्यंत.
पोरं, म्हणाला. तोक्यो.

आईनं दुसऱ्या दिवशी अंगण सारवलं
ते जपानला वळसा घालून.
आठवडाभर तो तुकडा तसाच पांढुरका,
कोंबड्यांनी विस्कटेपर्यंत.

व्हडलो गेला.
ट्रकांतून जेटीवर, जेटीवरून बार्जींत,
पावसाळ्यात आग्वादची तोंडं बुजली की
कुंभारजुव्याच्या खाडीतून मुरगावला,
तिथून बोटीनं.
पाट लाल झाला, मग आटला.
घरांना स्लॅब आले, भिसो गावसानं दोन ट्रक घेतले.
एक विकला.
दुसऱ्याच्या हौद्यात आता दुध्याचा वेल आहे,
चांगला धरतो.

खाणी बंद झाल्या त्यानंतर मोजणीवाले आले.
डोंगर होता तिथं आता पाणी आहे, हिरवंगार,
लग्नाआधीची जोडपी फोटो काढायला येतात.
मी विचारलं, तळ किती?
म्हणाले, उणे एकतीस.
मी वर्गात जाऊन फळ्यावर २१४ पुसलं
आणि आयुष्यात पहिल्यांदा
समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला उणे चिन्ह लावलं.
वर्गात तीन मुलं होती.
एकीनं विचारलं, बाई, उत्तर चुकलंय का?

दोनशे पंचेचाळीस मीटर.
रात्री झोप लागत नाही तेव्हा मी ते
त्या अंगणातल्या गावात ठेवून बघते:
थोडे पुलाच्या कैचीत, थोडे रुळांत,
जिथून आता दिवसाला दोन गाड्या जात असतील,
थोडे बंद शाळेच्या फाटकात
(तिथेही बंद झालीच असेल),
आणि मूठभर
कुणा म्हातारीच्या फावड्याच्या पात्यात,
पहाटे दारातलं बर्फ ओढताना
दगडी पायरीवर खर्रकन वाजणाऱ्या.
तिला ठाऊक नाही तो काय आवाज आहे.
मलाही कुठे ठाऊक आहे
बर्फ.

सातेरीचं वारूळ मात्र
खाणीच्या अगदी काठावर, कुंपणाच्या आत, वाढतंय.
यंदा वाशाला टेकलं.
सोयरू घाडी म्हणतो,
चवथीआधी कौलं दोन हात वर घ्यायला हवीत.